नाक्यावर बाटली सापडते, माशी सापडत नाही



आज सकाळी बागेत फेरी मारून आलो आणि डोकं तापलं. त्यामुळे आजची नोंद लांबणार आहे. पूर्ण वाचा, आणि पटलं नाही तर खाली खुशाल भांडा.

माझ्या ३२ माडांपैकी २६ माडांची पानं खालून पांढरी आणि वरून काळी झालीत. माडाखालची केळ, हळद, मिरीचे वेल, सगळ्यांवर काजळी. शेजारची काकी बांधावरून विचारते, "झिला, पानार ह्या काजळ कसला पडला? भट्टी लावलंस काय?"

भट्टी नाही काकी, ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. पानाच्या खालच्या बाजूला गोल गोल चक्रासारखी अंडी घालते, वर पांढरा मेणकट कापूस. पिल्लं रस शोषतात आणि चिकट पाणी सोडतात. ते खालच्या पानांवर ठिबकतं आणि त्यावर काळी बुरशी चढते. माड मरत नाही, पण पानाला ऊन मिळत नाही, झाड दमतं.

ही माशी आपल्याकडची नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून आणलेल्या नमुन्यांवरून २००४ साली तिला नाव मिळालं. २००९ ला ती अमेरिकेतल्या फ्लोरिडात सापडली, २०१६ ला तामिळनाडूत पोल्लाचीला आणि केरळात. आज ती माझ्या माडावर आहे. एवढासा किडा, फार तर एका बागेतून दुसऱ्या बागेत उडेल. समुद्र ओलांडून आणि राज्यं ओलांडून त्याला आपण माणसांनीच आणलं, रोपांबरोबर आणि गाडीतल्या पाल्याबरोबर.

माझंच सांगतो, दुसऱ्याला कशाला नावं ठेवू. तीन वर्षांपूर्वी दारावर टेम्पो आला, बाहेरच्या नर्सरीतली माडाची रोपं स्वस्तात. मी १० घेतली. उंची बघितली, बुंधा बघितला, भाव पाडला. पान उलटं करून बघितलं नाही. पहिली पांढरी चक्रं त्याच रोपांवर दिसली. बिल नाही, नर्सरीचं नाव नाही, जाब कोणाला विचारणार?

मग दुसरी चूक. दुकानातून जालीम औषध आणून मारलं. आठ दिवस बरं वाटलं, महिन्याभरात माशी दुप्पट. कृषीच्या माणसाने पान हातात घेऊन दाखवलं की काही पिल्लं काळी पडलेली असतात. त्यांच्या पोटात एन्कार्सिया नावाचा बारीक मित्रकीटक वाढत असतो आणि तोच या माशीला आवरतो. मी औषध मारून त्यालाच मारलं होतं. पैसे खर्च करून राखणदार मारला म्हणा ना.

आता मूळ मुद्दा. आपण म्हणतो, आलेली कीड कोण अडवणार? मी म्हणतो, आपल्याइतकं सोपं कोणालाच नाही. नकाशा बघा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. गाडीने आत यायच्या वाटा किती? खारेपाटण, बांदा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, दोडामार्गाकडच्या एकदोन. आणि रेल्वे. सिंधुदुर्ग म्हणजे जवळजवळ बेटच आहे.

बेटावरचे लोक काय करतात बघा. न्यूझीलंडच्या विमानतळावर बॅगेत न सांगता एक सफरचंद राहिलं तरी ४०० डॉलर दंड. बुटाला शेतातली माती असेल तर तेही आधी सांगावं लागतं. त्यांना कळलंय की एकदा कीड आत शिरली की कायमची शिरली. आणि आपल्याकडे? नाक्यावर गोव्याची बाटली शोधायला सीटखाली हात घालतात. मागे रोपांनी भरलेला टेम्पो असतो, त्याचं एक पान कोणी उलटं करत नाही. बाटलीने सरकारचा कर बुडतो, माशीने आमचा माड बुडतो. कर मोजता येतो म्हणून त्याला पहारा आहे.

कायदे नाहीत असंही नाही. विनाशकारी कीड कायदा १९१४ चा आहे, इंग्रजांच्या वेळचा. फळरोपवाटिकांचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा, त्यात परवाना लागतो. कागद आहेत, पान उलटं करणारा हात नाही.

काही जण म्हणतील, "मग काजूही परकाच की! पोर्तुगीजांनी आणला." बरोबर. मिरची, पपई, अननस, सगळं बाहेरचं आणि मी ते सगळं लावतो. परक्याशी माझं वैर नाही. पण काजू लावला तिथे उभा राहतो आणि घर चालवतो. मी बोलतोय ते न विचारता शिरणाऱ्याबद्दल आणि दुसऱ्याला जगू न देणाऱ्याबद्दल.

दुसरे म्हणतील, आता माशी आलीच आहे, दार लावून काय उपयोग? त्यांनी रानमोडीकडे बघावं. तीही अमेरिकेकडचीच. आज कातळ सोडला तर कुठलं मोकळं रान तिच्याशिवाय आहे? आपण ती राबाला तोडतो, मार्चात तिच्या वाळलेल्या काटक्यांतून काजूच्या बागेत वणवा शिरतो, आणि पावसात ती परत उभी. गुआम बेटावर १९८५ साली तिला खाणारा पतंग आणून सोडला, तिथे तो रुजला आणि रानमोडी हटली. आपल्याकडेही २००५ साली तिच्यावर गाठी करणारी माशी बंगळूरकडे सोडली. पण आपल्या रानात रानमोडी आहे तशीच आहे. उशिरा जागं झालं की असं शतकभर निस्तरावं लागतं. आणि ही माशी शेवटची नाही. तिच्या मागून पुढची कीड कुठल्यातरी टेम्पोत बसलेली असेलच.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. मृगाआधीचे दोन महिने, रोपांचा हंगाम असतो तेव्हा, घाटाच्या पायथ्याला आणि हायवेच्या दोन्ही टोकांना कृषी खात्याचा एक माणूस आणि एक भिंग. बिल आणि नर्सरीचं नाव नसलेली रोपं परत पाठवा. ग्रामसभेत ठराव मी मांडणार आहे, तुम्हीही मांडा.

तोवर आपल्या हातातलं:
१. नवीन रोप आणलं की महिनाभर बागेपासून लांब ठेवा, आठवड्याला पान उलटं करून बघा.
२. बिल मागा. देत नसेल तर रोप घेऊ नका.
३. माशी दिसली तर जालीम औषध नको. एरंडेल लावलेले पिवळे पत्रे टांगा, पाण्याचा जोराचा फवारा मारा, फार झालं तर निंबोळी तेल.
४. काळी पिल्लं असलेली पानं जाळू नका, त्यात आपला राखणदार आहे.
५. लागण झालेल्या झावळ्या दुसऱ्या गावाला नेऊ नका.
६. रानमोडी फुलायच्या आत, दिवाळीच्या सुमारास उपटा. फूल आलं की बी वाऱ्यावर गेलं.

माझ्या बेफिकिरीचे पैसे माझे २६ माड भरतायत. तुमचे अजून हिरवे असतील तर उद्या सकाळी चहा घेण्याआधी एक पान उलटं करून बघा आणि काय दिसलं ते गावाच्या नावासकट खाली लिहा. कुठल्या गावापर्यंत माशी पोचली, त्याची यादी निदान आपण तरी करू.