थंड घरांतील पाहुणे

मुंबईंतील राणीच्या बागेंत, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानांत, जाऊन आलेल्या कोणत्याहि मुलास काय पाहिलेंस म्हणून विचारावें, तर तो प्रथम पेंग्विनांचेंच नांव घेतो. हें स्वाभाविकच आहे. तो पक्षी कांचेपलीकडे पाण्यांत सूर मारूं लागला कीं वडील माणसेंहि तेथून हलत नाहींत. या आनंदावर विरजण घालण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु त्याची किंमत काय पडते हें मुलांस कोणी सांगत नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

2016 सालच्या जुलै महिन्यांत सोल शहराहून 8 हम्बोल्ट पेंग्विन मुंबईस आणले गेले, व 2017 च्या मार्चांत त्यांचें घर लोकांस खुलें झालें. पेंग्विन म्हटला कीं बर्फ, अशी पुष्कळांची समजूत असते. या जातीस ती लागू नाहीं. पेरू व चिली या देशांचा रुक्ष किनारा हें तिचें माहेर. तेथें थंड असतो तो किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत याच जातीचे पक्षी उघड्या तळ्याच्या कांठीं राहतात. मुंबईंत मात्र त्यांचें घर सुमारें 16 ते 18 अंश सेल्सियस इतकें थंड ठेवावें लागतें, आणि बाहेर मे महिन्यांत पारा 33 अंशांवर असतो. उष्णतेचा धर्मच असा कीं ती भिंतींतून, कांचेंतून, उघडलेल्या दारांतून थंडाकडे धांव घेते. दोहोंतील अंतर जितकें अधिक तितकी ती अधिक. तिला बाहेर ढकलण्याचें काम यंत्रांस रात्रंदिवस, उद्यानाच्या सुटीच्या दिवशींहि, करावें लागतें. महाराष्ट्राची बहुतेक वीज अद्यापि कोळशावर होते. अशा विजेच्या एका युनिटामागें सुमारें 1 किलो कर्बाम्ल वायु, ज्यास आज सर्वत्र कार्बन डायऑक्साइड म्हणतात, हवेंत जातो.

मग ते पक्षी परत पाठवावे काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. त्यांचीं पिल्लेंहि आतां येथेंच जन्मलीं आहेत; त्यांचा गारवा कमी करणें ही काटकसर नव्हे, क्रूरता होईल. घराच्या भिंती उष्णता अडविणाऱ्या असाव्या, दारें दुहेरी असावीं, छपरावर सूर्याची वीज घ्यावी. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयानें 2011 सालीं मोटारी उभ्या करण्याच्या जागेवर असें सौर छप्पर घातलें. मोटारींस सावली मिळाली आणि संस्थेच्या गरजेच्या सुमारें पंचमांश वीजहि.

तरी हे सर्व मागाहूनचे उपाय झाले. खरी काटकसर होते ती कोणता प्राणी आणावा हें ठरवितांना. वाघ, पाणघोडा, मगर यांस आपली हवा मानवते. त्यांस डबकें, चिखल आणि दाट सावली पुरते. आणि सावलीचा तर राणीच्या बागेंत तोटा नाहीं! तेथें 3,000 हून अधिक वृक्ष आहेत, गोरखचिंचेचा प्रचंड बुंधाहि आहे. विजेचा एक कणहि न घेतां ते हवा गार ठेवितात. पेंग्विन पाहून परतणारे किती पालक त्या झाडाखालीं मुलांस क्षणभर उभें करितात, कोण जाणे. नवा प्राणी आणण्याची गोष्ट निघेल तेव्हां त्यास येथील उन्हाळा सोसेल कीं नाहीं, हा प्रश्न अधिकाऱ्यांनीं पहिला विचारावा, तिकिटें किती खपतील हा मागाहून.

तोंवर एक लहानशी सूचना. पेंग्विनगृहाच्या कांचेपाशीं पक्ष्याचें नांव, देश व आहार लिहिलेला असतो. त्याखालीं काल या घरास किती युनिट वीज लागली, तो आंकडाहि रोज लिहावा. पुढील गुणाकार आमचा इयत्ता पांचवींतला विद्यार्थी तेथेंच तोंडीं करील.