वाड्यांची दवंडी

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव कोसळत्या डोंगराखाली गडप झाले आणि दीडशेहून अधिक माणसे ज्यात दगावली त्या अनर्थाची पहिली वर्दी बाहेर पोहोचली ती कोणत्याही यंत्राकडून नव्हे, तर नेहमीच्या फेरीवर आलेल्या आणि समोर गावच न दिसल्याने स्तंभित झालेल्या एका एसटीचालकाकडून. त्याच वर्षीच्या जूनमध्ये, म्हणजे अवघ्या महिनाभरापूर्वी, इंटरनेटचे दंडक ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने अल्पशक्ती उपकरणांच्या संभाषणाची ‘कोॲप’ ही नियमावली प्रसिद्ध केली होती. ज्यांची स्मृती दहा-वीस किलोबाइटांची आणि ज्यांचा प्राण एका बॅटरीत, अशा उपकरणांनी एकेकाला निरोप न धाडता साऱ्या समूहाला एकाच उच्चारात कसे सांगावे, याची तजवीज तीत आहे.

ही दवंडीच होय. दवंडी पिटणारा दारोदार कडी वाजवीत नसे. चौकात उभा राहून सर्वांच्या कानी एकदम घालीत असे. मात्र ऐकणारे सारे एकाच क्षणी उत्तर देऊ लागले तर गलबला माजेल, म्हणून प्रत्येक उपकरणाने यदृच्छेने निवडलेला थोडा अवधी थांबून बोलावे आणि सांगण्याजोगे काही नसेल तर मौन राखावे, असा नियम आहे. खोटी दवंडी ही त्याहून गंभीर बाब. संदेश कुलूपबंद करणारी समूहाची सांकेतिक किल्ली सर्वांपाशी एकच असल्यास कोणीही कोणाच्या नावाने ओरडू शकतो. म्हणून प्रत्येक इशाऱ्यावर बोलणाऱ्याची स्वतःची मोहर, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी, हवी, आणि ती पडताळण्याचा भार त्या दुबळ्या यंत्राला सोसावाच लागतो. येथे काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा दवंडीची गरज आपल्याकडेही आहे. जुन्नरच्या उसाच्या फडांत बिबट्याची चाहूल घेऊन भोंगा वाजविणारी यंत्रे आता येऊ लागली आहेत. परंतु एका बांधावरची चाहूल दूरच्या शहरातील संगणकाकडे जाऊन मगच शेजारच्या वस्तीवर परतणार असेल, तर मोबाइलचा मनोरा बंद पडताच रात्री पाणी धरायला निघालेला शेतकरी एकटाच राहतो. आणि भीमाशंकराच्या बाजूच्या वाड्यांत, जेथे मुसळधार पावसात प्रथम वीजच जाते, तेथे तर डोंगरावरील पर्जन्यमापकाने खालच्या भोंग्याशी थेट बोलण्यावाचून गत्यंतर नाही.

जिल्हा प्रशासनाने अशा यंत्रांच्या निविदेत एक अट घालावी: वीज व मोबाइल दोन्ही बंद ठेवून, ग्रामस्थांच्या समक्ष, वाडीतील प्रत्येक भोंगा वाजल्याची खातरजमा झाल्याखेरीज देयक मंजूर होऊ नये.