पाकिटातले सोनेरी कार्ड

न्हावा शेव्याच्या बंदराजवळच्या एका वस्तीत आमचे नेहमीचे जाणे-येणे आहे. मध्यंतरी तिथल्या एका घरी गेलो, तर घरात अबोला. वडील कंटेनर यार्डात कामाला, आई घरी शिवणकाम करते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे आणि येताना पुस्तके आणायची, म्हणून त्या माउलीने डब्यात पैसे साठवले होते. डबा उघडला तर ३४० रुपये कमी! सहावीतल्या मुलाच्या दप्तरात रंगीत कार्डांचा गठ्ठा सापडला. वडिलांचा हात उठला. मुलगा न जेवता कोपऱ्यात बसून राहिला.

आम्ही जवळ बसलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "काका, अजून एकच पाकीट घेतलं असतं ना, तर सोनेरी निघालं असतं."

अजून एकच! मटक्याच्या आकड्यापायी संसार उधळलेल्या माणसांच्या तोंडी हेच शब्द आम्ही ऐकले आहेत. म्हणून या वेळी कार्डांविषयी लिहायचे ठरवले.

हा खेळ मुळात वाईट नाही, हे आधी सांगतो. १९९३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा नवा खेळ काढला. १९९६ मध्ये जपानात पोकेमॉनची कार्डे आली. प्रत्येकाने आपापली कार्डे निवडून डाव रचायचा आणि समोरच्याशी खेळायचे. त्यात वाचन आहे, बेरीज-वजाबाकी आहे, डोके चालवणे आहे. खोट आहे ती विकण्याच्या पद्धतीत. पाकीट बंद असते. आत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळते.

आणि आतली कार्डे सारख्या संख्येने छापलेली नसतात. पोकेमॉनच्या कार्डावर खालच्या बाजूला बारीक खूण असते. गोल म्हणजे साधे, चौकट म्हणजे थोडे कमी मिळणारे, चांदणी म्हणजे दुर्मिळ. कागद तोच, शाई तीच, छापणारा कामगारही तोच. कुठले कार्ड किती छापायचे हे मात्र मालक ठरवतो. म्हणजे ही टंचाई दुष्काळाने आलेली नाही, मुद्दाम पाडलेली आहे.

जरा हिशेब करू. मॅजिकमध्ये २००८ साली दुर्मिळाच्याही वरची एक पायरी काढली. सुमारे आठ पाकिटांत असे एक कार्ड. त्या संचात अशी १५ निरनिराळी कार्डे होती. तेव्हा आपल्याला हवे तेच कार्ड मिळण्याचे प्रमाण १२० पाकिटांत एक असे पडते. बरे, १२० पाकिटे फोडली म्हणजे ते मिळालेच असेही नाही. तेवढी फोडूनही शंभरातले ३६-३७ जण रिकाम्या हाताने घरी जातील. मग ‘अजून एकच’ला अंत कुठे?

मोठ्या माणसांनी या कागदाचा बाजार केला आहे. १९९५ मध्ये मॅजिकच्या कंपनीने काही जुनी कार्डे पुन्हा छापली, तेव्हा साठा करून बसलेल्यांनी ओरड केली, कारण भाव पडले. मग १९९६ मध्ये कंपनीने यादीच जाहीर केली की ही कार्डे आम्ही पुन्हा छापणार नाही. त्या यादीतले एक कार्ड २०२१ मध्ये पाच लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. २०२२ मध्ये तर कंपनीने ६० कार्डांची चार पाकिटे ९९९ डॉलरला काढली आणि ती अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत असेही सांगितले. खेळ बाजूला राहिला, उरला तो सट्टा.

आमच्या मित्राच्या मुलाकडची कार्डे तर अस्सलही नव्हती. नाक्यावरच्या टपरीत दहा रुपयांना मिळणारी सोनेरी कार्डे बहुधा नकलीच असतात. श्रीमंताच्या सट्ट्याची ही गरिबाच्या पोरासाठी काढलेली नक्कल. भाव शून्य, चटका मात्र खरा.

वाचकहो, न्हावा शेव्याच्या माणसाला दुर्मिळ म्हणजे काय हे वेगळे शिकवायला नको. जमीन पुन्हा छापता येत नाही. तिच्या योग्य मोबदल्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी इथले शेतकरी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. जी खरोखर दुर्मिळ, तिच्या किमतीसाठी रक्त सांडावे लागले. आणि हवा तेवढा छापता येणारा कागद लाखांच्या भावाने विकला जातो!

आपली रीत उलटी आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासन १९७९ पासून काढते आहे. त्यांची छपाई रखडली तेव्हा २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते म्हणतात, पुन्हा छापणार नाही. आपण म्हणतो, पुन्हा छापा, सर्वांच्या हाती पडू द्या.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराला संपत्तीनाशाच्या सहा वाटांमध्ये गणले आहे. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक संसाराला, दोन उद्योगाला, एक अडीअडचणीसाठी. डब्यातले पैसे हा तो चौथा भाग होता. हे मुलाला कळायला हवे. पण माराने नाही, हिशेबाने.

त्या संध्याकाळी आम्ही त्याला वहीवर आठ गुणिले पंधरा करायला लावले. उत्तर पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग उठून आईजवळ गेला. "आई, चुकलो," एवढेच म्हणाला. वडिलांनी ताट वाढून आणले आणि त्याच्या शेजारी बसले.

पालकांनी मुलांची कार्डे फाडू नयेत. आपसात अदलाबदल करू द्यावी, खेळू द्यावे. बंद पाकीट मात्र विकत घेऊ नये. आणि जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून घरीच कार्डे करावीत. महाड, २० मार्च १९२७. काळाराम मंदिर, २ मार्च १९३०. सिद्धार्थ कॉलेज, १९४६. नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६. जोतिबा, सावित्रीमाई, रमाई. मागे चार ओळी मुलांनीच लिहाव्यात.

त्या घरात अशी २२ कार्डे तयार झाली आहेत. शेजारच्या मुलांनी मागितली, तर त्याने आणखी एक संच करायला घेतला. कुठल्याही कार्डावर चांदणी नाही.

जयभीम!