वडगावचा फाकडा

पुण्या-मुंबईच्या जुन्या रस्त्याने मी किती वेळा गेलो असेन, त्याचा हिशेब ठेवलेला नाही. पण लहानपणी गाडी वडगाव मावळात शिरली, की आमचे वडील खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायचे, "इथं इंग्रजांनी नाक घासलं बरं का!" आणि आम्ही भावंडे "हो" म्हणून लोणावळ्याच्या चिक्कीचा विचार करू लागायचो. रस्त्याकडेचा इतिहास आपण असाच वाचतो, धावत्या गाडीतून. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून तर तेवढीही तसदी उरली नाही. वडगाव बाजूलाच राहून जाते.

यंदा मात्र नातवाने गाठले. दिवाळीचा किल्ला सगळेच करतात; त्याला लढाई करायची होती. तेव्हा एका रविवारी आजा-नातू लोकलने निघालो आणि वडगावला उतरलो.

विजयस्तंभ पाहिला, महादजी शिंद्यांच्या पुतळ्याला नमस्कार झाला. स्तंभाच्या सावलीत बसून मी हकीकत सांगू लागलो. राघोबादादांना पुण्यास आणून बसवायचे म्हणून १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रज निघाले. फौज चार हजारांच्या आत आणि बैल मात्र १९,००० च्या वर! वऱ्हाड बरे म्हणायची पाळी. घाट चढून आल्यावर या लवाजम्याने अकरा दिवसांत आठ मैल मजल मारली. मराठ्यांनीही घाई केली नाही. समोर ठाकायचे नाही, बाजूने टोचीत राहायचे, आणि मागे सरताना दाणावैरण शत्रूच्या हाती लागू द्यायची नाही. ९ जानेवारी १७७९ ला साहेब तळेगावात पोचले, तो गाव जळालेला. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून, सामान पेटवून ते माघारी वळले आणि दुसऱ्या दिवशी इथे वडगावात कोंडले गेले. १७७३ पासून घेतलेला मुलूख, साष्टीसकट, परत करण्याचे त्यांनी लिहून दिले. (पुढे वॉरन हेस्टिंग्जने तो तह मानलाच नाही, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हे वडील खिडकीतून कधी सांगत नसत.)

"आता फाकडा," नातू म्हणाला. त्याला खरी ओढ त्याचीच.

फाकड्याची समाधी पोलीसठाण्याच्या आवारात आहे. आम्हां पांढरपेशांना पोलीसठाण्याची पायरी चढायची म्हणजे पोटात गोळा येतो. मी फाटकाशी घुटमळलो, तशी एका हवालदारांनी हाक दिली, "फाकड्याकडे ना? या की, आजोबा!" जसा काही घरचाच माणूस.

आणि हा घरचा माणूस कोण? कॅप्टन स्ट्युअर्ट, इंग्रजांच्या त्याच फौजेतला. ४ जानेवारीला कार्ल्यापाशी तोफेच्या गोळ्याने पडला. झाडावर चढून टेहळणी करीत होता, असे सांगतात. मराठ्यांनी त्याची जिगर पाहिली होती. स्ट्युअर्टचा 'इष्टुर' झाला आणि मानाजी शिंद्यांसारख्या मर्दाला मिळालेली 'फाकडा' ही पदवी त्यालाही मिळाली. १८२६ साली ग्रँट डफने आपला इतिहास छापला, तेव्हाही या भागात हे नाव लोकांच्या तोंडी होते. विजयस्तंभ आपण पुष्कळ उशिरा उभारला. फाकड्याचे नाव टिकायला स्तंभाची गरज पडली नाही.

समाधीला हात जोडलेले होते कुणीतरी; फुले ताजी होती. मी मात्र अडखळलो. हा मुलूख घ्यायला आलेला माणूस. त्याला नमस्कार करायचा? वडिलांनी केला नसता, हे मला पक्के ठाऊक. त्यांनी फार तर टोपी सारखी केली असती. मागे वळून पाहतो, तर नातू चपला काढून उभा. मग मीही काढल्या. हात जोडले की नाही, हे विचारू नका.

घरी आल्यावर गॅलरीत लढाई उभी राहिली. विटांचा घाट, अळीवाची हिरवळ, पेरूच्या डहाळीचे झाड आणि त्यावर दोऱ्याने बांधलेला फाकडा. खाली मातीची तोफ, तोफेशी बत्ती धरलेला एक मावळा. नातू नावाच्या चिठ्ठ्या करू लागला. 'महादजी शिंदे' झाले. 'इष्टुर फाकडा' झाले.

"आजोबा, हा गोलंदाज. याचं नाव?"

"तोफखाना पानशांचा," मी म्हणालो.

"ते सरदार झाले. बत्ती कुणी दिली?"

मला सांगता आले नाही. त्याने चिठ्ठी फाडली नाही. काडीला डकवून ती कोरीच मावळ्याशेजारी मातीत रोवली, आणि शेजारी एक पणती ठेवली.