'घरगुती' या विशेषणाची किंमत

पाट्यांवरच्या मराठीत 'घरगुती' या विशेषणाला जेवढा मान आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. 'घरगुती जेवण मिळेल' एवढे वाचले की परगावच्या माणसाची निम्मी शंका मिटते. साहित्याच्या वर्गात आपण शब्दांच्या छटा तासन्‌तास उकलत बसतो. रस्त्यावरच्या या विशेषणाकडे मात्र समीक्षेचे लक्ष फारसे गेलेले नाही. ते जावे, असे आम्हांस वाटते. कारण हे विशेषण जेवणाची चव जेवढी सांगते, तेवढेच ते रांधणाऱ्या हातांचे मोल झाकून ठेवते.

रोह्याला खेटून वाढलेल्या वरसे गावाचे उदाहरण घेऊ. कोकण रेल्वेचा जेथून आरंभ होतो ते रोहे स्थानक जवळ, आणि धाटावची रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहतही जवळ. पाळीवर जाणारा कामगार, खोली घेऊन राहणारा एकटा नोकरदार, शनिवार-रविवारी मुरूडच्या समुद्राकडे निघालेले पर्यटक यांना दोन वेळचे गरम अन्न हवे असते. अशा ठिकाणी कुटुंबाची खानावळ तग धरते. आम्ही जेथे वरचेवर जेवलो ती अशीच होती: पुढची पडवी गिऱ्हाइकांची, मागचे स्वयंपाकघर घराचे. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुक्या जवळ्याची चटणी, वाराप्रमाणे मासळी, शेवटी सोलकढी. गल्ल्यावर घरचा कर्ता, वाढायला मुलगा, आत सासू आणि सून. जेवणाविषयी तक्रार करावी असे काहीही नाही. प्रश्न निराळाच आहे. अशा खानावळींत किराणा, मासळी, गॅस यांचा हिशेब होतो. भांड्यांना बाहेरची बाई असेल तर तिचा पगारही होतो. सासूसुनांच्या कामाचा हिशेब मात्र कोणत्या वहीत लिहिला जातो?

या प्रश्नाला सरकारी भाषेत एक चमत्कारिक उत्तर आहे. २०१७ पासून देशात होत आलेल्या श्रमबल सर्वेक्षणात कौटुंबिक उद्योगात विनावेतन हातभार लावणाऱ्या माणसांसाठी स्वतंत्र रकाना आहे, आणि तो रकाना 'स्वयंरोजगार' या मोठ्या सदरात मोडतो. म्हणजे जिच्या हाती पैसा येत नाही, ती स्त्रीदेखील कागदोपत्री स्वतःच्या रोजगारावर उभी असते. खानावळीबाहेरचा स्वयंपाक तर रोजगारातही मोडत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोल घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते, पुरुष ८८. घरगुती खानावळीत या दोन्ही वेळा एकाच चुलीवर येतात. घरच्यांची भाकरी कोठे संपली आणि गिऱ्हाइकाची कोठे सुरू झाली, हे थापणारीलाही सांगता येणार नाही.

गंमत अशी की आपल्या भाषेला हा हिशेब ठाऊक होता. 'खानावळ' हा शब्द 'खाणावळ' असाही लिहिला जातो. ते रूप समोर ठेवले की दळणावळ, शिवणावळ, धुणावळ, घडणावळ हे त्याचे नातेवाईक आठवतात. दळण्याचे दाम ती दळणावळ, शिवण्याचे दाम ती शिवणावळ. या कुळातल्या प्रत्येक शब्दात काम आणि त्याचा मोबदला एकत्र नांदतात. खानावळ हा असा रोखठोक शब्द आहे. त्यामागे 'घरगुती' लावले की व्यवहारावर मायेचा पदर येतो आणि मोबदल्याची गोष्ट काढणे अशिष्ट ठरते.

हा पदर का लागला, याचे कारण इतिहासात आहे. अन्नदान पुण्याचे आणि अन्नविक्रय हलका, असे मानणाऱ्या समाजात शिजवलेले अन्न विकणे सोपे नव्हते. विद्यार्थ्याने वार लावून जेवावे, माधुकरी मागावी, हे त्या समाजाला संमत होते. एखाद्या निराधार विधवेने पानांचे पैसे घ्यावे, हे मात्र खटके. 'घरगुती' या शब्दाने तिची अब्रू सांभाळली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच शब्दात 'कोणाचे घर' हा प्रश्नही दडलेला होता. खानावळींना जातींची नावे असत. रोह्याच्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे ज्यांना स्मरते त्यांना 'घर' हा शब्द सर्वांसाठी सारखा उबदार नव्हता, हे वेगळे सांगायला नको.

या पदराबाहेर पडण्याचा एक प्रयत्न मुंबईच्या गिरणगावात झाला. एकट्या गिरणी कामगारांना महिन्याच्या उधारीवर जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिले. त्यांच्या हातची चव काही त्या दिवशी बदलली नाही; कागदावरचे नाव बदलले. ज्या स्वयंपाकाला समाज घरकाम म्हणत होता, त्याला बँकेने धंदा म्हटले. पुढे १९८२ च्या संपाने गिरण्यांचे जग मोडले, पण हा धडा मोडीत निघालेला नाही.

हे केवळ आपल्याकडचेच दुखणे आहे, असेही नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशात 'पुपुसा' नावाची जाड, सारण भरलेली भाकरी असते. ती बहुधा मक्याची, पण ओलोकुइल्ता गावची पुपुसा तांदळाच्या पिठाची, म्हणजे आपल्या कोकणाची मावसबहीणच. तीही दोन्ही तळव्यांत थापूनच होते. १९८० ते १९९२ या यादवी युद्धाच्या काळात लक्षावधी माणसे तेथून परागंदा झाली आणि लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन अशा शहरांत कुटुंबांनी चालवलेली पुपुसाची उपाहारगृहे उभी राहिली. २००५ साली त्या देशाच्या विधिमंडळाने पुपुसाला राष्ट्रीय पदार्थाचा मान देऊन नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिच्या नावे केला. पदार्थाला दिवस मिळाला. थापणारीला काय मिळाले, हे तिकडेही विचारावेच लागेल.

आता साहित्याकडे वळू. खानावळ आणि मेस यांच्याविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतांशी पानावर बसलेल्याने लिहिले. 'कोसला'तली (१९६३) वसतिगृहाची मेस घ्या किंवा पु. ल. देशपांडे यांचे 'माझे खाद्यजीवन' घ्या; भूक, चव, स्मरण, विनोद हे सारे जेवणाऱ्याचे आहे. रांधणारीची बाजू पाककृतींच्या पुस्तकांत आली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) ती घरोघर नेली. पण तेथेही मोजमाप वाटी-चमच्यांचे आहे, तासांचे नव्हे.

यावर आक्षेप येईल की, प्रेमाने केलेल्या कामाला दर लावला की प्रेम उरत नाही. आम्हांस हे पटत नाही. शिवणावळ घेणारा शिंपी मन लावून शिवत नाही, असे आपण म्हणत नाही. मग भाकरीपुरतीच ही भीती का? मुलाला सायकल घ्यायची की पडवीवर पत्रा घालायचा, हे ठरवताना सुनेच्या नावावर चार पैसे असले, तर घराचे घरपण कमी होत नाही. तिचे बोलणे ऐकले जाते, एवढेच. आणि लेकीने शिकून दुसरी वाट धरली, खानावळ बंद पडली, तर आपण 'परंपरा बुडाली' म्हणून हळहळतो. त्या परंपरेचा पगार कोणी दिला होता, हे आधी पाहिलेले बरे.

'घरगुती' हा शब्द पाटीवरून पुसून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. एवढ्या जेवणाचे इतके पैसे कसे, असे विचारताना त्या शब्दाचा सवलतीसारखा उपयोग करू नये, इतके तरी गिऱ्हाइकाच्या हाती आहे. वाचकाच्या हाती त्याहून थोडे अधिक आहे. पुढच्या वेळी कथेत, कादंबरीत, आत्मचरित्रात वाफाळलेले ताट आले की ते कोणी जेवले यापाशी न थांबता, ते कोणी वाढले, कोणी रांधले आणि वहीत कोणाचे नाव लागले, असे वर्गात विचारून पाहावे. पुष्कळ परिचित पाने निराळी दिसू लागतील.