जपानची तयारी स्वयंपाकघरात होत नाही

जपानला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती खाण्याची. थेपले किती दिवस टिकतील, रेडी टू ईट पाकिटं किती घ्यायची, केटल कुणाकडून मागून आणायची. मग पूर्वी कधीतरी परदेश पाहून आलेले एखादे काका निर्णय देऊन टाकतात: भाषा येत नाही, शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहतो, देश भयंकर महाग आहे, स्वयंपाकी बरोबर नेणाऱ्या टूरचे पैसे भरा आणि निर्धास्त व्हा. सल्ला मायेपोटी दिलेला असतो. तरीही तो चुकीचा आहे असं मी ठामपणे म्हणेन. त्यातली तिन्ही कारणं तपासली तर टिकत नाहीत, आणि ज्या खऱ्या अडचणी येतात त्यांचा त्यात उल्लेखही नसतो.

आधी ती केटलच घेऊ. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची, जपानमध्ये १०० व्होल्टची. तापवणाऱ्या उपकरणाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे इथली १५०० वॅटची केटल तिथे जेमतेम २८० वॅटनं चालते आणि लिटरभर पाणी उकळायला निदान वीस मिनिटं घेते. आपली इंडक्शनची शेगडी तर बहुधा चालूच होणार नाही. उलट मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. तिथल्या हॉटेलच्या खोलीत केटल बहुतेक ठेवलेलीच असते. म्हणजे जी वस्तू सगळ्यांत आधी बॅगेत जाते, तीच सगळ्यांत निरुपयोगी.

खाऊचंही तसंच. तळलेला चिवडा नेला तर बिघडत नाही. पण ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळीसुद्धा वनस्पती-आरोग्याच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही, आणि मांसाचे पदार्थ, अगदी पाकीटबंद सॉसेजसुद्धा, विमानतळावरच अडवले जातात. मे महिन्यात जाणारी मंडळी तिथल्या नातेवाइकांसाठी हापूस न्यायला निघतात. जपाननं भारतीय आंब्यावरची बंदी २००६ मध्ये उठवली ती वाफेच्या उष्णतेची प्रक्रिया केलेल्या, तपासून पाठवलेल्या निर्यातीच्या आंब्यासाठी. तुमच्या बॅगेतल्या डझनभर आंब्यांना ती सवलत लागू नाही. लपवून नेणं हा तिथे गुन्हा आहे.

आता उपाशी राहण्याची भीती. इथे थोडं थांबायला हवं, कारण ही भीती निराधार नाही. ती चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते, एवढंच. जपानी जेवणात भाज्या, भात, टोफू, समुद्रशेवाळ भरपूर असतं. अडचण आहे ती ‘दाशी’ची. बोनिटो (जपानीत कात्सुओ) जातीचा मासा उकडून, धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवतात. मग त्याचे कागदासारखे पातळ काप काढून ते गरम पाण्यात मुरवतात. हे पाणी म्हणजे दाशी. मिसो सूप, उदोनचा रस्सा, उकडलेल्या भाजीवरचं पाणी, एवढंच काय अंड्याची गोडसर गुंडाळीसुद्धा, सगळ्यात ती असू शकते. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. समोरचा माणूस प्रामाणिकपणे मासा काढून देतो, पण रस्सा त्याच्या दृष्टीनं रस्साच असतो. तेव्हा सांगायचं ते नेमकं: मांस नको, मासा नको, आणि कात्सुओची दाशीही नको. हे वाक्य जपानीत लिहिलेलं कार्ड खिशात असलं की निम्मं काम होतं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या ‘कोनबिनी’ दुकानात भाताच्या त्रिकोणी ओनिगिरी मिळतात. त्यात उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाची ओनिगिरी शोधायची आणि तिच्या पाकिटावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाचायचा. ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

शाकाहाराची तिथली स्वतःची परंपरा मात्र आपले सल्लागार कधी सांगत नाहीत. कूकाई या भिक्षूनं इसवी सन ८१६ मध्ये स्थापलेलं कोयासान हे डोंगरावरचं तीर्थक्षेत्र ओसाकातल्या नाम्बा स्टेशनापासून साधारण दोन तासांवर आहे. शेवटचा चढ केबल रेल्वेनं चढतात. तिथल्या पन्नासेक मठांत यात्रेकरूंना मुक्काम मिळतो आणि जेवण असतं ‘शोजिन र्योरी’. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. रस्सा कोंबू नावाच्या शेवाळाचा आणि वाळलेल्या शिताके अळंब्यांचा. तिळाचा ‘गोमा-दोफू’ आणि गोठवून वाळवलेला ‘कोया-दोफू’ ही तिथली खासियत. चातुर्मास पाळणाऱ्या घरातल्या माणसाला याहून निर्धास्त ताट परदेशात कुठे मिळेल? ते सोडून हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये पनीर मटर आणि जिरा राइस खायचा, आणि त्याचे जादा पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

भाषेचं कारण त्याहून कच्चं आहे. टोकियोच्या मेट्रोत प्रत्येक मार्गाला रंग आणि अक्षर आहे, प्रत्येक स्टेशनाला क्रमांक. गिंझा स्टेशन म्हणजे ‘जी ०९’. नाव वाचता आलं नाही, उच्चारता आलं नाही, तरी आकडे मोजत अचूक उतरता येतं. चौकाचौकात ‘कोबान’ म्हणजे पोलिसांची छोटी चौकी असते, आणि तिथे रस्ता विचारणं यात काहीच विशेष नाही. शिवाय आपली माणसं तिथे कधीची राहताहेत. टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशी-कासाईला भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ २०१९ मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडूनही आले. जिथे मतं मागण्याइतकी ओळख एक मराठी माणूस करू शकतो, तिथे आठ दिवस फिरायला आपण का कचरावं?

राहिला खर्च. जपान महाग ही समजूत जुनी आहे. गेल्या काही वर्षांत येन चांगलाच घसरला आहे. रोजचं खाणं आणि शहरातला प्रवास युरोपच्या मानानं खूपच स्वस्त पडतो. महाग पडते ती न तपासता केलेली खरेदी, आणि या मुद्द्यावर मला दुसऱ्या बाजूशीही भांडायचं आहे.

ती दुसरी बाजू आहे तरुणांची. त्यांचं म्हणणं असं की तयारीच नको. फोन आहे, व्हिडिओ आहेत, तिथे जाऊन बघू. काकांचा सल्ला निदान काळजीतून येतो. हा आळसातून येतो, आणि तो जास्त महागात पडतो. जपान रेल पासचंच बघा. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनचा होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो शिनकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट चौदा हजार येनच्या आसपास आहे. जाऊन-येऊन अठ्ठावीस हजार होतात. म्हणजे नेहमीच्या टोकियो-क्योटो-ओसाका फेरीला पास घेणं सरळ तोट्याचं. तरी दरवाढीच्या आधीचे व्हिडिओ बघून माणसं पास काढत राहतात. सल्ला कुठल्या वर्षाचा आहे हे बघायला एक मिनिट लागतं.

फोनवरचा भरवसा विमानतळावरच कसाला लागतो. भारतीय पर्यटकांना एप्रिल २०२४ पासून जपानचा ई-व्हिसा मिळतो. पण तो दाखवताना इंटरनेट चालू ठेवून ई-व्हिसाच्या संकेतस्थळावरचं पान उघडून दाखवावं लागतं; स्क्रीनशॉट, पीडीएफ किंवा छापील प्रत ग्राह्य धरत नाहीत. उतरल्यावर लगेच चालेल असं सिम किंवा ई-सिम इथूनच घेतलेलं हवं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून बाहेर पडण्याची आपली सवयही तिथे चालत नाही. परदेशी पर्यटकानं पासपोर्ट सतत जवळ बाळगावा असा जपानचा कायदा आहे आणि पोलीस तो मागू शकतात.

सामानाचंही आधीच मोजमाप करून ठेवावं. टोकियो-ओसाका मार्गावरच्या शिनकानसेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर तिच्या जागेसह सीट आरक्षित करावी लागते, नाहीतर दंड. यावर तिथलं उत्तर फार चांगलं आहे. हॉटेलच्या काउंटरवर मोठी बॅग द्यायची. ‘ताक्क्युबिन’ सेवेनं ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते, दोन-तीन हजार येनांत. आपण एका रात्रीचे कपडे पाठीवर घेऊन मोकळं फिरायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाही, आणि ही सोय करून घ्यायला टूर लागत नाही.

ज्या तयारीत चूक झाली तर खरोखर निस्तरता येत नाही, ती औषधांची. आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या गोळ्या सुट्या पट्टीतून कापून नेतात, नाव अर्धवट फाटलेलं असतं. जपानमध्ये सुडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेलं औषध नेण्याला बंदी आहे. कोडीनवरही प्रमाणाचं बंधन आहे, आणि लक्ष केंद्रित व्हावं म्हणून दिली जाणारी काही औषधं तिथे पूर्ण निषिद्ध आहेत, मग डॉक्टरांची चिठ्ठी असो वा नसो. प्रिस्क्रिप्शनची औषधं साधारण एका महिन्यापुरती नेता येतात; जास्त हवी असतील तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा परवाना निघण्यापूर्वी ऑनलाइन काढावा लागतो. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी औषधं मूळ वेष्टनात, औषधातल्या घटकाचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह न्यावीत. घरातल्या वडीलधाऱ्यांची ही यादी करायला एक संध्याकाळ दिली पाहिजे. थेपल्यांच्या हिशेबाला आपण त्याहून जास्त वेळ देतो.

तारखांचा विचारही असाच राहून जातो. आपली शाळांची सुट्टी एप्रिलअखेर सुरू होते, आणि २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’. सबंध देश तेव्हा प्रवासाला निघालेला असतो, हॉटेलं दुप्पट दरानं, गाड्या भरलेल्या. फक्त एक आठवडा पुढे सरका. मेचा मध्य म्हणजे तिथला सुखद काळ, जूनमधला पाऊस सुरू व्हायच्या आधीचा. आपल्या सुट्टीतही तो नीट बसतो.

टूरला माझा सरसकट विरोध नाही. पंचाहत्तरीच्या आईवडिलांना दिवसाकाठी सात-आठ किलोमीटर चालवत नाही, स्टेशनांतले जिने झेपत नाहीत. त्यांना दारात उभी बस हवी. ज्याला आखणीचा मनापासून कंटाळा आहे त्यानंही खुशाल पैसे भरावेत. पण धडधाकट, कमावत्या, रोज नोकरीत याहून किचकट कामं उरकणाऱ्या माणसांनी केवळ भीतीनं स्वतःचा प्रवास दुसऱ्याच्या हाती द्यावा, हे मला मान्य नाही. त्यात नुसते पैसे जात नाहीत, जायचं कुठे हेही दुसरा ठरवतो.

याचं एक उदाहरण पुणेकरांना तरी पटेल. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण वर्षानुवर्षं जातो, पाण्याकाठच्या हिरवळीवर मुलांना खेळवतो. ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, आणि त्याचा नमुना म्हणजे ओकायामा शहरातलं ‘कोराकुएन’, जपानच्या तीन नामांकित उद्यानांपैकी एक. आपल्याकडच्या टूरच्या पत्रकांत टोकियो, फुजी, क्योटो, ओसाका, फार तर हिरोशिमा असतं. ओकायामा ओसाका-हिरोशिमाच्या वाटेवरच लागतं, पण तिथे कुणी थांबत नाही. स्वतः आखणी करणाऱ्याला ते सहज जमतं: शिन-ओसाकाहून शिनकानसेननं पाऊण तास, आणि स्टेशनापासून उद्यानापर्यंत ट्राम आणि थोडं चालणं.