नेटवरचा फोन कच्चा नाही

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. सुरतेच्या या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. लूमच्या खात्यात किंवा साडीच्या मार्केटात राबणाऱ्या या माणसांचं गावाकडचं बोलणं आता नेटवरूनच होतं. तरी त्यांच्यातलीच जाणती मंडळी ठासून सांगतात, "नेटचा फोन म्हणजे कच्चा फोन. महत्त्वाचं असेल तर साध्या फोनवर बोल." हे मत खोडून काढायला हवं. ते चुकीचं आहे आणि त्यानं नुकसान होतं.

पहिला आक्षेप आवाजाचा. नेटवर आवाज तुटतो, म्हणून भाव ठरवताना भरवसा नाही, असं म्हणतात. आधी हा आवाज जातो कसा ते पाहू. जुन्या पद्धतीत सुरतेहून धुळ्याला फोन लागला की बोलणं संपेपर्यंत ती वाट तुमच्यासाठी अडवून ठेवली जाई, तुम्ही गप्प बसलात तरी. म्हणून अंतराचे आणि मिनिटांचे पैसे पडत. एसटीडी बूथमध्ये मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून आईशी बोलावं लागे. नेटवर अशी वाट अडवत नाहीत. आवाजाचं आकड्यांत रूपांतर होतं आणि साधारण 20 मिलिसेकंदांच्या आवाजाचं एक, अशी सेकंदाला 50 पाकिटं निघतात. प्रत्येकावर पत्ता असतो, अनुक्रमांक असतो. ती मागंपुढं पोचतात, म्हणून पलीकडचा फोन त्यांना क्षणभर थोपवून क्रमानं लावतो. एखादं पाकीट हरवलं तर तो ते पुन्हा मागवत नाही, कारण उशिरा आलेला शब्द काय कामाचा? आजूबाजूच्या आवाजावरून तो ती फट बुजवतो. फार पाकिटं हरवली की मग आवाज तुटतो, आणि त्याला कारण बहुतेक वेळा टॉवरवरची गर्दी किंवा खोलीतलं दुबळं वायफाय असतं.

उलट जुन्या फोनची खोट कोणी बोलत नाही. त्या लाइनवर सुमारे 3400 हर्ट्‌झच्या वरचा आवाज कापला जाई. 'स'चा सुस्कारा बराचसा त्याच्या वरच असतो. 'साठ' की 'आठ', हे दोनदा विचारावं लागे ते त्यामुळे. नेटवरचे आजचे कॉल याहून रुंद पट्टा वापरतात. नेट धड असेल तर कापडाच्या मीटरला साठ रुपये म्हटलेलं साठच ऐकू येतं.

आणि 'साधा फोन' म्हणजे नक्की कुठला? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं ते फक्त फोरजी घेऊन. त्यावरचा प्रत्येक कॉल, नंबर फिरवून केलेलासुद्धा, पाकिटांतूनच जातो. इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. ज्याला आपण पक्का म्हणतो तो फोन कधीच याच पंक्तीला येऊन बसला आहे.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. पोलीस असल्याचं भासवून, 'डिजिटल अटके'च्या नावाखाली व्हिडिओ कॉल करून लोकांना लुबाडलं गेलं, हे खरं आणि संतापजनक आहे. पण भामट्याचं भांडवल भीती हे आहे, आणि ती साध्या कॉलवरही घालता येते. परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे खोटे कॉल साध्या फोनवरच येत होते. ते अडवायला सरकारला 2024 मध्ये वेगळी यंत्रणा उभारावी लागली. अशा वेळी फोन ठेवावा आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवावं.

फायदा मात्र घरोघर दिसतो. लिंबायतमध्ये घरी बसून साडीला टिकल्या, खडे लावणारी बाई काठाचा नमुना व्हिडिओवर सेठला दाखवते. खडा कुठं हलवायचा ते तिथल्या तिथं कळतं, मार्केटची खेप वाचते. (कापडाचा शेड मात्र पडद्यावर ठरवू नये.) महिधरपुऱ्यातला हिरे व्यापारी अँटवर्पशी बोलतो आणि लूमच्या खात्यातला कारागीर गावाकडे साक्रीशी, दोघांनाही अंतराचे पैसे पडत नाहीत. कारागिराला ही सवलत पहिल्यांदाच मिळाली आहे.

दोन उणिवा मी मान्य करते. वॉट्सअ‍ॅपवरून 112 हा आणीबाणीचा नंबर लागत नाही. वीज गेली की घरातला राउटर बंद पडतो. तांब्याच्या तारेच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे. राउटरला छोटी बॅटरी जोडता येते आणि 112 साठी सिमचा फोन आहेच.

माझा खरा राग 'कच्चा' या शिक्क्यावर आहे, कारण सरकारही तोच शिक्का मारून मोकळं होतं. ऑगस्ट 2015 मध्ये पाटीदार आंदोलन पेटलं तेव्हा सुरतेसह गुजरातेत मोबाइल इंटरनेट काही दिवस बंद होतं. तेव्हा नेटवर बोलणारे थोडे होते. आज तसं झालं तर सिमचा कॉल, तोही पाकिटांतूनच जात असला तरी, चालू राहील, पण आखातात गेलेल्या मुलाशी बोलणाऱ्या बापाचा फोन कापला जाईल, आणि कागदावर त्याची नोंद 'इंटरनेट बंद' एवढीच होईल. सर्वोच्च न्यायालयानं 10 जानेवारी 2020 रोजी इंटरनेटवरून बोलण्याला आणि व्यापार करण्याला घटनेचं संरक्षण आहे असं सांगितलं आणि बेमुदत बंदी अमान्य केली. त्याच निकालाच्या आधारे सुरतेच्या व्यापारी संघटनांनी आणि इथल्या मराठी मंडळांनी मागणी करावी: नेट बंद करण्याच्या प्रत्येक आदेशात, त्यानं किती लोकांचा फोन बंद होणार आहे, हेही लिहा.